सगळ्यांना एकाच वेळी

साखरशेतच्या सपनाचं नाक जरा वरच असायचं, आणि का नसावं? जव्हारच्या एसटी स्टँडजवळ प्रसाददादाच्या झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ती कामाला होती, आणि तिथं बसून तिनं गावाचा ब्लॉग काढला होता. 'साखरशेतची खबर' असं त्याचं नाव. कुणाचं लग्न, कुठली जीप बंद, शाळेत काय झालं, सगळं त्यावर असायचं. ठाण्याला, भिवंडीला कामाला गेलेली गावची माणसं गावाच्या फेसबुक पेजवर ते वाचायची आणि खाली भांडायचीसुद्धा.

पण मंगळवारी सकाळी तेच नाक खाली आलं होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर ती बसली होती आणि मागच्या बाकड्यावर गावातले दोघं जण तिच्या पाठीवर डोळे लावून बसले होते. एक पुंजाबाबा, गावात ज्यांचा शब्द चालतो ते. दुसरी वरच्या पाड्याची माघीकाकी, जिचा शब्द कुणी मागत नाही तरी चालतो.

कारण होतं कोळीभाजी. डोंगरावर ही पहिली हिरवी पालेभाजी उगवली, की गाव ती आधी देवाला देतं. तोवर कुणी तोंडाला लावायची नाही. आता माणसं शहरात, तरी पाळतात. ठाण्याच्या बाजारात ही भाजी दिसते, विकत घेतात, पण गावात देवाला दिल्याची खबर आल्याशिवाय चुलीवर चढवत नाहीत. गेल्या वर्षी ती खबर सपनानं स्वतःच्या हातानं पेजवर टाकली होती. आणि टाकायच्या आधी, तोंडावर ताबा कुठला, ठाण्याला भावाला, कमलेशला, फोन करून सांगून मोकळी झाली. कमलेशच्या खोलीत भाजी आधी शिजली. वरच्या पाड्याची ठाण्यातली पोरं मागून जेवली. झालं! माघीकाकीनं भर गावात सुनावलं, "हिच्या भावाचा देव येगळा हाय का?"

सपनाला ते फार लागलं. खोटं असतं तर भांडली असती. खरं होतं म्हणून लागलं. मग गाव बसलं आणि ठरलं, की खबर कुणाच्या हातानं जायची नाही. सपना ब्लॉगवर लिहील, तिथून ती आपोआप पेजवर जाईल, सगळ्यांना एकाच वेळी. मध्ये फोन नाही, मेसेज नाही. तिनं महिनाभर डोकं लावून ती जोडणी बसवली. तेव्हापासून लग्नं, जीप, शाळा, सगळं बिनबोभाट जात होतं.

आणि नेमकी कोळीभाजी अडकली.

देवाचं काम रविवारी झालं. साखरशेतला रेंज नावाची गोष्ट कुणाच्या तरी अंगणात एका पायावर उभं राहिलं तर मिळते, तीही बोलण्यापुरती, म्हणून सोमवारची सुट्टी संपवून सपना मंगळवारी जव्हारला आली. फोटो लावला, मजकूर लिहिला, ब्लॉगवर प्रसिद्ध केला. ब्लॉगवर दिसलं. पेजवर काही नाही.

"काय झाला? आला का?" माघीकाकीनं विचारलं.

"येईल काकी. थोडा वेळ घेतं ते."

थोडा वेळ गेला. चहा आला, चहा संपला. पेज आपलं ढिम्म.

सपनाच्या फोनवर कमलेशचा मेसेज आला: *झालं का?* तिनं फोन उलटा ठेवला.

मग ती कामाला लागली, आणि तिचं काम बघण्यासारखं असतं. फेसबुकची परवानगी संपली असेल, म्हणून तिनं जोडणी तोडून पुन्हा जोडली. काही नाही. फोटो जड झाला असेल, म्हणून फोटो काढून पाहिला. तरी काही नाही. शेवटी तिनं ब्लॉगवर नुसतं 'चाचणी' असं लिहून प्रसिद्ध केलं. पाचेक मिनिटांत ती चाचणी पेजवर हजर! खाली लगेच भिवंडीहून कुणीतरी लिहिलं, "चाचणी म्हणजे काय? शिजवू का?" दुसऱ्यानं लिहिलं, "थांब रे, ही सरकारी हाय वाटतं."

पुंजाबाबा हसले. माघीकाकी हसली नाही. "चाचणी जाते नि देवाचा जात नाय? कसा काय?"

प्रसाददादा गिऱ्हाईक सोडून आला. भला माणूस, पण गावातल्या भांडणाची त्याला काय कल्पना! "अगं, एवढा घोळ कशाला? उचल आणि हातानं टाक पेजवर. एक मिनिटाचं काम."

माघीकाकी सपनाच्या बोटांकडे बघत होती. फोन पुन्हा थरथरला: *ताई, भाजी चिरून ठेवलीय. फक्त हो की नाही सांग.* आणि लगेच दुसरा: *कुणाला कळणार नाय. पक्का.*

सपनाचा जीव कळवळला. एवढासा 'हो' लिहायला किती वेळ लागतो? भाऊ कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, उपाशी बसलेला. तिला रडू येईल असं वाटलं आणि त्याचा रागही आला. गेल्या वर्षी एवढं ऐकून घेतलं, ते ह्याला माहीत नाही का? तिनं फोन सरळ प्रसाददादाच्या गल्ल्यात टाकला.

"हातानं नाही टाकायचं दादा," ती म्हणाली. "चाचणी जाते म्हणजे वाट मोकळी आहे. ह्याच खबरीत काहीतरी आहे. ते मी शोधणार."

जोडणी ब्लॉगची जी यादी वाचते, ती तिनं उघडली. नव्या नोंदी वर, जुन्या खाली. सगळ्यात वर चाचणी. तिच्याखाली सोमवारी, सपना सुट्टीवर असताना, प्रसाददादानं टाकलेली दाभोशाच्या जीपची वेळ. आणि तिच्याही खाली कोळीभाजी.

खाली? आज टाकलेली नोंद जीपच्या खाली कशी?

तिनं कपाळावर हात मारला. देवाचं काम रविवारी झालं, म्हणून तिनं नोंदीवर तारीखही इमानेइतबारे रविवारची घातली होती. यंत्र बिचारं सोमवारची जीप पेजवर पोहोचवून बसलं होतं. त्याच्यापेक्षा जुन्या तारखेचं काहीही त्याच्या लेखी शिळं. ते फक्त वरचं बघत होतं आणि कोळीभाजी त्याच्या पायाखाली पडून होती.

"सापडलं!" ती एवढ्या जोरात ओरडली, की झेरॉक्सला आलेला मास्तर दचकला.

तिनं समजावून सांगितलं. प्रसाददादा म्हणाला, "मग आजची तारीख घाल, सुटलं."

पुंजाबाबा पहिल्यांदाच बोलले. "देवाचा दिस बदलायचा नाय, पोरी."

"नाही बदलत बाबा. तारीख खबर दिली त्या दिवसाची, आजची. देवाचा दिवस मी पहिल्याच ओळीत लिहिते." आणि तिनं जुनी नोंद काढून तोच मजकूर नव्यानं घातला. वर ठळक अक्षरांत: 'रविवारी गावदेवाला कोळीभाजी दिली. आता सगळ्यांनी खावी.' बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, तेव्हाच तिनं बटण दाबलं.

मग पुन्हा वाट बघणं. यंत्र आपल्या सवडीनं फेरी मारतं, त्याला घाई करता येत नाही. सपना हात मांडीवर ठेवून बसली, माउसला शिवलीसुद्धा नाही. माघीकाकीला दिसावं म्हणूनच.

आणि आलं. पेजवर हिरवीगार भाजी, खाली ब्लॉगचं नाव. सपनाला वाटलं, उठून नाचावं.

तेवढ्यात माघीकाकीचा फोन वाजला. ठाण्याहून तिचा मुलगा तुळशीदास. काकी फोनवर बोलते ती आख्ख्या स्टँडला ऐकू जावं अशी, आणि ऐकतेही स्पीकरवर.

"आई, आला! आता चढवतो भाजी."

"कमलेशचे खोलीत कव्हा आला?"

"मी त्याच्याच खोलीत हाय. कालपासून त्याचा फोन माझेकडं हाय."

"तुझेकडं? कशाला?"

"त्यानंच दिला. बोलला, आवंदा कोण काय बोलायला नको. ते सगळे मेसेज मीच टाकले, आई. बघत व्हतो, सपना सांगते का. लय टाकले. कमलेश नुसता हसत व्हता. बोलला, टाक अजून किती टाकायचे ते. माझी बहीण एक अक्षर लिवायची नाय."

माघीकाकीनं फोन बंद केला. मग ती उठली, सपनाजवळ आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढले साली ह्या यंत्राची वाट कोण बघल? तू हातानं लिव. आमी खाऊ."

सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. "नाही काकी. आपोआपच जाईल. आता मला ते नीट कळलंय."

पुंजाबाबांनी प्रसाददादाकडे बघून हात पुढे केला. "दे तिचा फोन. आता भावाला बोलू दे तिला."

प्रसाददादानं गल्ला उघडला. तिनं नंबर लावला. पलीकडून फोडणीचा चर्र आवाज आला आणि मागोमाग कमलेशचा.

"बोल ताई."

"काही नाही," सपना म्हणाली, "जेव."