मधोमधचं भोक

जयदेवचं डोकं पार चक्रावलं होतं. साल ब्याण्णव. अंबरनाथच्या भाड्याच्या खोलीत कॅमेऱ्याखाली कापड पसरलेलं, कापडाच्या मधोमध चांगलं वाटाण्याएवढं भोक, आणि कापडातले दोष शोधणारं त्याचं यंत्र बेधडक सांगत होतं, कापड निर्दोष! उद्या त्याचे मार्गदर्शक सर बघायला येणार होते. तोवर हे जमलं नाही, तर सगळं संशोधन पाण्यात.

काम झटपट व्हावं म्हणून त्याने चित्राची वाटणी केली होती. डावा भाग एका प्रोसेसरला, उजवा दुसऱ्याला; दोघांनी एकाच वेळी आपापलं बघायचं. कापड सरकवून भोक डावीकडे आणलं की सापडे, उजवीकडे नेलं तरी सापडे. मधे आणलं की गायब! त्याने दिवा बदलला, कॅमेऱ्याची काच पुसली, प्रोसेसरच्या कार्डांची अदलाबदल केली. काही केल्या उलगडेना.

थोरल्या भावाचा, बाळाजीचा, उल्हासनगरला शिवणकामाचा कारखाना होता. त्याच्याकडून नवा तुकडा मागवावा म्हणून जयदेवने फोन लावला.

"देतो की. आयला नेली ना घरी?"

आई एक महिना बाळाजीकडे, एक महिना बदलापूरला जयदेवकडे. पहिल्या रविवारी बाळाजी तिला अंबरनाथ स्टेशनच्या बाकावर आणून बसवी, तिथून जयदेव नेई. दोघांनाही अर्धीच वाट पडे. आज तोच रविवार होता.

"अरे, आज मला काम हाय, सांगितला होता ना!"

"काम हाय म्हनालास. येनार नाय, असा कुठं म्हनालास? मी सकालीच बसवलीय तिला."

बाहेर दिवेलागण झाली होती. जयदेव धावत सुटला.

आई, ठमाबाई, बाकावर होती, बोचकं मांडीवर.

"पानी तरी प्यायलीस?"

"उठली आसती आन् तेवढ्यात तू आला आसतास, मंग?"

जयदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाऊनं तरी थांबायचा ना..."

"त्याला नको बोलू. त्याचा काय चुकला नाय. तुजा पन नाय."

तो जागीच खिळला. मधलं भोक अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आपल्या भागाच्या कडेला टेकलेलं अर्धं भोक म्हणजे कापडाची कड, असं त्यानेच दोन्ही प्रोसेसरना शिकवलं होतं. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. हद्दीपलीकडचं थोडं दोघांनाही दाखवायला हवं होतं, बस्स. उद्यासाठी उत्तर मिळालं होतं, पण त्याला आनंद काही होईना.

त्याने बोचकं उचललं. ठमाबाई उठली, दोन पावलं चालली आणि थबकली.

"या म्हैन्यात तुज्याकडंच ना रं मी?"