गाठ सुटली की नापास

मी हवेलीच्या विहिरीवरची गडगडी बोलतेय. लोखंडाची आहे, हळू बोलायला जमत नाही.

रेणापूरजवळच्या या हवेलीत मला निजामाच्या काळात बसवलं. पाणी वर आणायचं माझ्याकडं, ते कुणाच्या घागरीत ओतायचं हे माणसांकडं. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तहानलेल्याच्या, एवढंच सांगितलं असतं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या भीमनगर वस्तीचा आड आटला. इकडं राखणदार माणिकप्पा हवेलीची हिरवळ सकाळ-संध्याकाळ भिजवायचा. नव्या जिल्ह्याचे साहेब येणार होते ना! भीमनगरची पारूबाई घागर घेऊन आली की म्हणायचा, "साहेब येऊन जाऊ दे, मग बघू." जेवायला जाताना दोर गुंडाळून घरी न्यायचा. नुसता पोहरा माझ्याकडं बघत बसायचा.

तेव्हाच शाळेतल्या स्काऊट-गाईडच्या पोरी त्यांच्या शिक्षिका शिवकांताबाईंबरोबर बिल्ले मिळवायला हवेलीत उतरल्या. तंबू ठोकायचे, जखम बांधायची, खुणांवरून वाट काढायची. प्रत्येकीच्या कमरेला गाठी शिकायची दोरी. त्यांत पारूबाईची महानंदा होती.

एका दुपारी पारूबाई रिकामी घागर घेऊन माघारी वळली.

"माय, थांब!" महानंदानं कमरेची दोरी सोडली. "बाई, गाठींची परीक्षा कधी हाय?"

शिवकांताबाईंनी हिरवळ बघितली, घागर बघितली. "आत्ताच. जोडा सगळ्या दोऱ्या. गाठ सुटली की नापास!"

पोहरा खाली गेला. मी अशी किंचाळले की माणिकप्पा खरकट्या हातानं पळत आला.

"कुणाला इचारून शेंदताय गं?"

"परीक्षा हाय, अप्पा. ओढून बघा गाठ."

"आन् साहेबाच्या हिरवळीचं?"

पारूबाई फणकारली, "साहेब काय गवत खायला येणार हाय व्हय?"

पोरी खिदळल्या. निरोप गेला, सगळी वस्ती आली. घागरीमागून घागर भरली. एकही गाठ सुटली नाही.

साहेब आले तेव्हा हिरवळ पिवळी पडली होती. "ह्या पोरीला बिल्ला देऊ नका," माणिकप्पानं बाईंना सांगून बघितलं. बाईंनी त्याच्यासमोरच तो महानंदाच्या बाहीला टाचला.

आता मला निळा रंग फासून शोभेला टांगलंय. लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. विहिरीला अजून पाणी आहे, आणि फाटकाबाहेर बाया टँकरची वाट बघत उन्हात बसल्यात.

अहो फोटोवाले, सरका बाजूला. त्यांना आत येऊ द्या.