बारवेच्या तळातून पोहऱ्याची हाक

मी पोहरा बोलतोय. पाटोद्याजवळच्या एका खेड्यातल्या बारवेत, गाळात तोंड रुतून पडलोय. माझा आवाज वर पोचत नाही. तुम्ही तरी ऐका.

पाटोद्याच्या बाजारात लोहारानं पत्रा ठोकून मला घडवलं आणि सिद्धेश्वरनं विकत घेतलं. गुरुपाद दुकानदाराचा हा मुलगा हैदराबादच्या कॉलेजात शिकायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला, तर थोरली बहीण उमाबाई खाटेवर. पायाला नारू. जखमेतून दोऱ्यासारखा किडा निघालेला. तो काडीला गुंडाळून ती दिवसभर कण्हायची. गावात घरोघर हेच.

दुखऱ्या पायातून नारूचं बी पाण्यात उतरतं आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वाढतं, हे सिद्धेश्वरला कॉलेजात कळलं होतं. इथं तर सगळे पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवूनच घागरी भरत. त्यानं काठावर कप्पी बसवली, मला दोर बांधला, कुणी पाण्यात उतरू नये म्हणून पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. "वरून शेंदा, फडक्यानं गाळून प्या," असं दारोदार सांगत फिरला.

बायका आल्या. हसत हसत मला ओढू लागल्या. किती सुखाचे दिवस होते ते!

महारवाड्यातली बायडाबाई मात्र लांब बसलेली असायची, कुणी घागरीत पाणी ओतील म्हणून. तिच्याही पायाला चिंधी होती. एकदा सिद्धेश्वरनं दोर तिच्याच हातात दिला.

"धाकले मालक, मारतील मला."

"ओढ गं मावशी. मी हाय ना."

तिनं मला वर ओढलं. घागर भरून ती लगबगीनं निघून गेली.

तेव्हापासून मला कुणी शिवेना. विठ्ठलराव पाटील माणसं घेऊन आले.

"काहून रे, एका दोराला समद्यांचे हात लावून गाव बाटवायलास?"

"पाटील, दोरानं काय बी होत न्हाई. या पाण्यानं गाव लंगडं व्हायलंय!"

पाटलांनी माणसांना मानेनं खूण केली. एकानं कोयता घातला. दोर तुटला, मी खाली कोसळलो. फांद्याही काढून फेकल्या.

सिद्धेश्वर पायऱ्यांवर हात पसरून उभा राहिला. "पाया पडतो तुमच्या, उतरू नका!" बायका त्याच्या हाताखालून वाकून खाली गेल्या. काल-परवापर्यंत मला ओढणाऱ्याच त्या. म्हातारा गुरुपाद रडत आला. "चल रे घरला. दुकानाची पायरी कुनी चढंना." त्याच दिवशी त्यानं पोराला बैलगाडीत घालून हैदराबादच्या वाटेला लावलं. गाडी दूर जाईपर्यंत "गाळून प्या!" ही त्याची हाक मला ऐकू येत होती. मग तीही थांबली.

आता रोज माझ्या डोक्यावर पाय उतरतात. चिंध्या बांधलेले, सुजलेले.

आज उमाबाई लंगडत आली. पायाची आग सोसवत नव्हती तिला. पाण्यात पाय सोडून "आई गं" म्हणत तिनं डोळे मिटले. जखमेतून पांढुरका ढग निघाला आणि पाण्यात पसरत गेला. शेजारीच तिची लेक महानंदा, खेळून तहानलेली. तिनं वाकून ओंजळ भरली.

मी लोखंडाचा. मला ओरडता येत नाही, हलता येत नाही. अहो, काठावर कुणी आहे का? तिचा हात धरा. ओंजळ ओठांपाशी पोचलीय.