मागे राहायची मेहनत

रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून लेओन्सने स्वतःच्याच सायकलच्या पुढच्या चाकातली हवा सोडली. फुस्स आवाज झाला तसं त्याने चोरासारखं पुढे पाहिलं. ओकच्या झाडांच्या दोन रांगांमधून सरळ गेलेल्या रस्त्यावर इवोंचं पिवळं जाकीट अजून दिसतच होतं. लेओन्सने मनातल्या मनात एक शिवी हासडली. एव्हाना ते जाकीट वळणाआड जायला हवं होतं. चांगल्या दिवसांत इवोंने एवढ्या वेळात जंगल ओलांडून पलीकडच्या गावात कॉफी मागवली असती.

मग त्याने पंप काढला आणि सोडलेली हवा पुन्हा चाकात भरायला घेतली. अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी.

मागे राहायचं कसं, हे लेओन्सला आजवर कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वाइनच्या पिंपांसाठी ओकचे ओंडके फोडून फळ्या काढण्यात त्याची हयात गेली. खांदे दरवाजाएवढे, आणि बाकीचा देह त्या दरवाजाला शोभेल असा. तो सायकलवर बसला की सायकल दिसेनाशी व्हायची. सेंत-ओदीलच्या सायकल मंडळात पहिल्याच रविवारी तो शेवटचा आला आणि ती जागा त्याने पुढे कोणालाही घेऊ दिली नाही. इवोंचं सगळं उलटं. तो कौलं घालणारा, छपरांवर वाढलेला, वजनाने चिमणी. चढ आला की इतरांचे श्वास वाढायचे आणि इवोंच्या गप्पा.

मंडळाची एक रीत होती. जंगलाच्या मधोमध लांडगीचा चौक आहे. सहा रस्ते तिथे येऊन मिळतात. तिथे सगळ्यांनी थांबायचं आणि शेवटचा गडी पोचल्याशिवाय कोणी पुढे सरकायचं नाही. पोचल्यावर त्याने उशिराचं कारण सांगायचं. कारण खरं असण्याची अट नव्हती, फक्त मागच्या रविवारचं चालत नसे. त्यामुळे लेओन्सला आठवडाभर पिंपांच्या फळ्यांबरोबर थापाही घडवाव्या लागत. एकदा त्याला रानडुकरीण आडवी आली. तिने पिल्लं मोजली, एक कमी भरलं, मग ते शोधायला त्याला मदत करावी लागली. एकदा समोरचा वारा एवढा होता की वाऱ्याने अजून थोडं मागे ढकललं असतं तर तो शनिवारी पोचला असता. एका गोगलगायीने तर त्याला मागे टाकलं, पण ती सहकुटुंब होती म्हणून त्याने वाट दिली. ऐकून इवों पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, ज्या दिवशी हा लेओन्स माझ्या पुढे जाईल, त्या दिवशी मी सायकल खुंटीला टांगीन.

मंडळातल्या काहींना गुडघ्यांनी घरी बसवलं, काहींना मुलांनी शहरात नेलं, आणि उरलेल्यांना त्याने नेलं जो शेवटी सगळ्यांनाच नेतो. राहिले दोघे. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी इवोंची छाती उघडून पुन्हा शिवली. मुलाने त्याला बॅटरीवर चालणारी सायकल आणून दिली. इवों म्हणाला, याच्यापेक्षा पाद्रीबाबांची मोपेड बरी. ती सायकल शेडमध्ये कोंबड्यांना बसायच्या कामी आली. वसंत लागल्यावर डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, पण हळू, आणि जोर अजिबात लावायचा नाही.

काल शनिवारी इवोंची बायको ओदेत लेओन्सच्या परसात आली. थोडी लीकची, कांदापातीसारखी भाजी हवी म्हणाली, आणि भाजी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "लेओन्स, उद्या तू मागेच राहा."

लेओन्स हसला. त्याने आजवर दुसरं काय केलं होतं?

ओदेत हसली नाही. "तू त्याला चालताना बघितलं नाहीस. तुझ्याही मागे पडलो असं त्याला कळलं ना, तर तो सायकल टांगेल. आणि मग खुर्चीतून उठायचा नाही. मी ओळखते त्याला."

आज सकाळी गावाचं शेवटचं घर मागे पडलं आणि लेओन्सला तिचं म्हणणं कळलं. तो नेहमीसारखा, म्हणजे जगात त्याहून हळू कोणी जात नाही असा चालला होता, तरी त्याचं पुढचं चाक इवोंच्या मागच्या चाकाला जाऊन भिडत होतं. त्याने पाय आखडले. सायकल दारुड्यासारखी झुलायला लागली. आजवर हळू जाणं त्याला फुकट मिळालं होतं. आज त्याला त्यासाठी मजुरी करावी लागत होती. एकदा बुटाची नाडी सुटली. एकदा लघवीला लागली. मग कुकू पक्षी ओरडला. वर्षातला पहिला कुकू ऐकताना खिशात नाणं असावं, म्हणजे वर्ष बरं जातं. तेव्हा लेओन्स थांबून खिसे चाचपत बसला. तरीही पिवळं जाकीट पुढे जाईना. एकदा तर तो इतका हळू गेला की आडवाच झाला आणि खड्ड्यातल्या पांढऱ्या रानफुलांत पडला. अखेर चाकातली हवा सोडण्याची पाळी आली.

हवा भरून झाली. जाकीट आता वळणाआड गेलं होतं. लेओन्स समाधानाने सायकलवर बसला, वळण घेतलं आणि इवोंवर आदळता आदळता वाचला.

कापलेल्या ओंडक्यांची रास होती. तिला इवोंने सायकल टेकवली होती आणि एक हात ओंडक्यावर ठेवून तो उभा होता. तोंड ओल्या चुन्यासारखं पांढरं पडलं होतं.

लेओन्सने लगेच थाप सुरू केली. पंप मागायला एक रानडुक्कर आलं, त्याच्याही चाकात म्हणे हवा नव्हती... रानडुकराला चाक कुठून आलं, इथे ती थाप अडकली आणि तिला पुढे वाट सापडेना.

इवोंने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "जन्मभर थापा मारल्यास, लेओन्स. वाईट थाप आज पहिल्यांदाच मारलीस."

"चाकात खरंच हवा नव्हती."

"नव्हतीच. तू सोडलीस. मी मागे वळून बघत होतो." इवोंने दम घेतला. "ओदेत आली होती ना तुझ्याकडे?"

"लीक न्यायला आली होती."

"आमच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त लीक आहेत, लेका."

कुठेतरी सुतारपक्षी टकटक करत होता. लेओन्सने विचारलं, गावातून कोणाला तरी गाडी घेऊन बोलवू का. इवोंने नकाराची मान हलवली.

"चौकापर्यंत जायचंय मला. पण तू मागे आहेस म्हटलं की माझे पाय ऐकत नाहीत. तू जेवढा रेंगाळतोस तेवढा मी जोर लावतो. आणि जोर लावायची मला मनाई आहे. कळतंय का तुला? तू आज मला मारशील मागे राहून."

लेओन्सला ते कळायला थोडा वेळ लागला. आपण सकाळपासून केलेली सगळी मेहनत कोणाच्या छातीवर पडत होती, ते त्याने त्या चुन्यासारख्या तोंडावर पाहिलं.

"मग काय करू?"

"पुढे हो."

"आणि तुझी सायकल? टांगणार?"

इवोंने ओंडक्याची साल नखाने सोलली. "ते माहीत नाही," तो म्हणाला. "आधी तू जा."

लेओन्स निघाला. चढ लागला. आजवर या चढावर त्याच्या समोर नेहमी कोणाची ना कोणाची पाठ असायची, वळणाआड जाणारी. आज समोर नुसता रस्ता होता, ओला, रिकामा, आणि दोन्ही बाजूंना पानं न फुटलेले ओक. एवढा रस्ता त्याने कधी पाहिला नव्हता. बघावंसं वाटलं नाही. मागे वळायचं नाही हे मात्र त्याने ठरवलं होतं. वळला असता तर इवोंला पुन्हा जोर चढला असता.

चौकात कोणी नव्हतं. पांढरा खांब होता, त्यावर चौकाचं नाव, आणि सहा दिशांना सहा रिकामे रस्ते. लेओन्सने सायकल गवतात आडवी केली आणि थांबला.

थांबणारे आराम करतात, असं तो जन्मभर समजत आला होता. ते पाणी पितात, पाय मोकळे करतात आणि त्याच्या नावाने हसतात. आता त्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. वाऱ्याने फांदी हलली की तो वळणाकडे बघे. मागे जावं, असं त्याने कितीदा तरी ठरवलं आणि तितक्याच वेळा मोडलं.

मग आवाज आला. टक, टक, टक. सायकलच्या बुटांच्या तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असते, ते बूट घालून डांबरावर चाललं की असाच आवाज येतो. इवों वळणापलीकडे होता, दिसत नव्हता. तो सायकल हाताने ढकलत चढ चढत होता. जंगल इतकं गप्प होतं की प्रत्येक पाऊल शेजारी पडल्यासारखं ऐकू येत होतं.

लेओन्स जागच्या जागी थिजला. त्या चढावर तोही दर रविवारी सायकलवरून उतरायचा. जन्मभर उतरला. वळणाच्या अलीकडे पुन्हा सायकलवर बसायचा आणि चौकात ऐटीत यायचा. कोणाला कळलं नाही, अशी त्याची खात्री होती. कारण तो येई तेव्हा कोणीच त्याच्याकडे बघत नसे. कोणी झाडांकडे, कोणी चेनकडे, आणि इवों तर नेहमी पाठमोरा, त्या खांबावर जन्मात पहिल्यांदाच काही लिहिलेलं दिसल्यासारखा वाचत उभा.

टक, टक. मग मध्ये थांबणं. मग पुन्हा टक.

लेओन्स वळला. वळणाकडे पाठ करून तो खांबासमोर उभा राहिला आणि चौकाचं नाव वाचू लागला. वाचून झालं तरी पावलं येतच होती, म्हणून त्याने ते पुन्हा वाचलं. नंतर पावलं थांबली. लेओन्सने श्वास रोखून धरला. जंगलात काहीच वाजेना. इवों तिथे सायकल धरून उभा असेल, एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, आणि काय ते ठरवत असेल. त्याला घाई करायला लावता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पट्टी पॅडलमध्ये अडकल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि पाठोपाठ चेनची घरघर, अगदी मंद.

लेओन्सने डोळे पुसले नाहीत. तसं केलं असतं तर मागून दिसलं असतं. त्याने मान थोडी वर केली आणि खांबावरचं पहिलं अक्षर पुन्हा वाचायला घेतलं.