घरट्यावरचा ओठफाट्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. पण ही जीभ माझ्याच नातीला घराबाहेर काढेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मी वल्ह्याने बडवलं असतं.

हिवाळा सरता सरता लुकेरियाचा, माझ्या लेकीचा, इटलीहून फोन आला. तीन वर्षं झाली, तिकडे एका आजारी म्हातारीची सेवा करते. म्हणाली, "आई, झिनोवेई फेन्याकडे नीट बघतो ना गं?" नेमका त्याच सकाळी जावई चिखलाचे बूट घालून माझ्या धुतलेल्या ओसरीवरून गेला होता. डोकं फिरलेलं माझं. म्हटलं, "कसला बघतोय डोंबलाचा! दिवसभर पाण्यात असतो. पोर वाऱ्यावर आहे."

धडधडीत खोटं. सात वर्षांची फेन्या शाळा सुटली की बापाच्या होडीत असते. तिला जेवू तोच घालतो, वेण्या तोच घालतो. वाकड्या घालतो, पण घालतो. राग उतरल्यावर मी फोन करून सांगायला हवं होतं. उद्या करू, परवा करू म्हणत राहिले, आणि लुकेरियाचाच निरोप आला: "सणाला सकाळच्या बोटीने येते. स्वतःच्या डोळ्यांनी बघते. ठीक असलं तर पोर राहील तिथेच. नसलं तर तीनच्या बोटीने तिला घेऊन जाईन. रजा दोनच दिवसांची आहे."

आमचा मोठा उपास सात आठवड्यांचा. मांस, दूध, अंडं बंद, मासासुद्धा बंद. मासा चालतो तो मधल्या दोन सणांना, आणि त्यातला पहिला म्हणजे देवदूताने मरियमला बाळ होणार असल्याची बातमी दिली तो दिवस. जन्मभर पाण्यावर राहणारी माणसं आम्ही, त्या दिवसाकडे डोळे लावून बसतो. पण यंदा सरकारची विणीच्या हंगामातली मासेमारीबंदी सणाच्या आधीच लागली. घरात खारवलेला मासा होता. तीन वर्षांनी आलेल्या लेकीच्या पानात खारवलेला मासा वाढू? शेजारची पेलागेया गावभर करेल!

झिनोवेईचं काम माशांच्या घरट्यांचं. वाळुंजाच्या मुळ्यांच्या जुड्या चौकटीला बांधून तो आडबाजूच्या संथ पाण्यात ठेवतो. सुदाक माशाची मादी त्यांवर अंडी घालते आणि जाते. नर तिथेच राहतो. परांनी पाणी हलवत राहतो, अंड्यांवर गाळ बसू देत नाही, जवळ येईल त्याला चावतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत जागा सोडत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सणाच्या सकाळी बापलेक धक्क्यावर गेले, लुकेरियाला आणायला. मी हातजाळं घेऊन घरट्यांपाशी गेले. जो मासा पळतच नाही, तो धरायला कितीसं कसब लागतं? अंगठ्याला चावला मेला. मी स्वतःला म्हटलं, सहा घरटी आहेत, एकाने काय आभाळ कोसळतंय!

लुकेरिया आली. पोरीला बघून हसली. "अगं बाई, ह्या वेण्या कुणी घातल्या? एक पूर्वेला चाललीय, एक पश्चिमेला!"

"बाबांनी," फेन्या म्हणाली.

लुकेरियाने नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, निभावलं.

मग मी रश्श्याचं पातेलं मधोमध आणून ठेवलं. फेन्याने वाकून आत पाहिलं. माशाचं डोकं वर आलेलं, ओठाला जुनी चीर.

"हा तर ओठफाट्या! तिसऱ्या घरट्यावरचा!" पोर किंचाळलीच. "आजी, तो बाप होता गं!" रडत रडत बोलत सुटली. "कार्प अंडी टाकून निघून जाते. काडीमाशाचा बाप पोटाच्या पिशवीत अंडी वागवतो. आणि सुदाकची आई जाते निघून, बाबाच राहतो फक्त!"

लुकेरियाच्या हातातला चमचा थांबला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

झिनोवेई केव्हाच उठला होता. "मामी, कधी काढलात?"

"नऊच्या सुमाराला."

त्याने चुलीची राख झाडायला ठेवलेला हंसाचा पंख उचलला आणि पळाला.

"बघितलंस, आई?" लुकेरियाने चमचा खाली ठेवला. "तीन वर्षांनी बायको घरी आली, आणि हा माशांकडे पळाला. वर पोरीला माझ्याविरुद्ध पढवून ठेवलंय. तू फोनवर म्हणालीस तेच खरं."

तेव्हा बोलायला हवं होतं. जन्मभर नको तिथे चुरूचुरू चाललेली माझी जीभ. मी म्हटलं, "रस्सा निवतोय."

तिने कपाटातून पोरीचे कपडे काढायला सुरुवात केली. मला ते बघवेना. मी घरट्यांकडे गेले. झिनोवेई कमरेइतक्या पाण्यात वाकून उभा होता. ओठ निळे पडलेले. पाण्याखाली पंख हळूहळू हलवत होता, बाळाला वारा घालावा तसा.

"ती पोरीला नेतेय," मी म्हटलं. "बोटीला अर्धा तास उरलाय. जा."

"मी हललो तर गाळ बसेल, मामी."

"आण तो पंख इकडे." मी घागऱ्यासकट उतरले. पाणी हाडांत शिरलं. "आणि तिला सांग, फोनवर म्हातारी खोटं बोलली. पोर वाऱ्यावर कधीच नव्हती."

तो थबकला. "असं बोललात तुम्ही?"

"बोलले. जा आता!"

तो धावत गेला. खरं सांगते, धक्क्यावर मीही जाऊ शकले असते. हे काम दुसऱ्यावर ढकलायला नको होतं. पण लेकीच्या नजरेपेक्षा ते गार पाणी मला सोपं वाटलं. पंख हलवत राहिले. थोड्या वेळाने भोंगा वाजला, मग यंत्राचा आवाज लांब लांब गेला. मुळ्यांवर अंडी पिवळसर दिसत होती, काही मरून पांढरी पडली होती.

झिनोवेई परत आला, एकटाच.

"सांगितलंस?"

"नाही."

"अरे मेल्या, का नाही?"

"फेन्या आईचा हात धरून उभी होती," तो म्हणाला. "परक्या मुलखात चाललीय. तिथे तिला आजीची आठवण येणार. तिच्यादेखत तुम्हाला खोटं कसं पाडू, मामी?"

पाण्यात उतरून त्याने माझ्या बधिर बोटांतून पंख सोडवून घेतला. "जा घरी, गारठाल," म्हणाला.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.