लाल गाडीखालची गळती

मी डिफरन्शियल बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका, मला ओळखणारी माणसं तशी कमीच. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, पोटाखाली, भोपळ्याएवढी एक लोखंडी पेटी असते ना, तोच मी. आत दातेरी चाकं आणि त्यांना भिजवणारं दाट तेल. गाडीचे फोटो काढणाऱ्यांनी आजवर माझा एकही फोटो काढलेला नाही. लोक बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात, आरशात बघून केस नीट करतात. माझ्याकडे वाकून बघतात ते काही सांडलं तरच.

माझं काम समजुतीचं. वळण आलं की बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांनी एकाच वेगानं फिरायचा हट्ट धरला तर गाडी फरपटत जाईल. म्हणून एकाला म्हणायचं, तू हो पुढं. दुसऱ्याला म्हणायचं, तू जरा दमानं घे. साठ वर्षं मी हेच करतोय. एवढी भांडणं एखाद्या पुढाऱ्यानं मिटवली असती तर चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागले असते.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड गावातला. मला ओतलं, घासलं, तेल भरलं आणि शेवटी एका कारागिरानं माझ्या डोक्यावर करंगळीच्या पेराएवढी पोकळ नळी बसवली. तिला ब्रीदर म्हणतात. मी नाकपुडी म्हणतो. पळून पळून मी तापतो, आतली हवा फुगते आणि या नाकपुडीतून बाहेर जाते. नाकपुडी बुजली तर हवा दुसरी वाट शोधते, म्हणजे रबरी सील ढकलून तेलासकट बाहेर पडते. माझ्याबद्दल एवढं एकच शास्त्र लक्षात ठेवायचं. पुढची सगळी हकिकत ते विसरणाऱ्यांची आहे.

आमची लाल, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी गाडी बोटीनं मुंबईला उतरली आणि सोलापुरात एका गिरणीमालकाच्या धाकट्या चिरंजीवांच्या बंगल्यावर आली. गाडी साहेबांची, पण तिची उठबस ईश्वर नावाच्या बावीस वर्षांच्या गड्याकडे. धुवायची त्यानं, पुसायची त्यानं, बंद पडली की ढकलायची त्यानं. बसायची वेळ आली की शेजारच्या सीटवर साहेबांचा कुत्रा बसे. ईश्वरनं बाहेरून पुसायचं, आत बसायचं नाही, अशी साहेबांच्या आईसाहेबांची ताकीद होती. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि ईश्वरनं विचारलं नाही, कारण दोघांनाही ते ठाऊक होतं.

पण माझी नाकपुडी त्यालाच सापडली. दर रविवारी तो पाठीवर सरपटत माझ्याखाली येई, गिरणीतली बारीक तार नळीत फिरवी आणि हळूच म्हणे, "घे बाबा दम." त्या काळात माझ्यातून तेलाचा एक थेंब पडला नाही. साहेब पाहुण्यांना सांगत, "विलायती माल आहे, गळणार कसा?"

पुढं गिरणी बंद पडली. ईश्वर नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला आणि गाडी माळशिरसकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन रावजी यांनी नेली. त्यांच्या विजयी मिरवणुकीत या दोन माणसांच्या गाडीवर अकरा जण चढले होते. पुढच्या खेपेला रावजी पडले आणि गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक खरं सांगतो, त्या शेडमध्ये मला फार बरं होतं. कोंबड्यांना दुरुस्तीचा नाद नसतो.

तिथून मला सोडवलं ईश्वरच्याच मुलानं. प्रदीप त्याचं नाव, सरकारी खात्यात कालव्यांवर इंजिनिअर होता. रिटायर झाला, गाडी शोधून काढली, ट्रकवर घालून जुळे सोलापूर या वस्तीतल्या आपल्या बंगल्यात आणली आणि वडिलांना हाताला धरून बाहेर नेलं. ईश्वरचे आता आबा झाले होते. एकोणऐंशी वर्षं, गुडघे गेलेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलेलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावरून हात फिरवला.

"आबा, तुमची गाडी आणलीय," प्रदीप म्हणाला.

"माजी कुटली? मी पुसणारा." मग म्हणाले, "पर एकदा चालवून बगीन म्हंतो. टँकर चालवलाय की सव्वीस वर्षं."

"अहो, चालवा की! फक्त आधी तयार होऊ दे."

या 'तयार होऊ दे'मध्ये दोन वर्षं गेली. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. अखेर नुकतीच ती रस्त्यावर आली, आणि त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांना सांगितलं की लायसन वाढवायच्या कागदावर आता मी सही करणार नाही. म्हणजे आहे त्या लायसनचा दीड महिना उरला होता. आबांना गाडी चालवायची तर त्या दीड महिन्यातच, नाहीतर कधीच नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सगळे मदतीला धावले आणि तिथंच घोटाळा झाला.

झालं असं, की जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथले परीक्षक काठीला आरसा बांधून गाडीच्या खालूनही बघतात, असं प्रदीपनं ऐकलं. मग काय, पेंटरला बोलावून गाडीची खालची बाजू काळ्या रंगानं रंगवून घेतली. आपल्याकडची ही जुनी खोड आहे. साहेब बघायला येणार म्हटलं की आधी चुना, मग बाकीचं. पेंटर मोठा प्रामाणिक निघाला. एक हात सांगितला होता, त्यानं तीन मारले. माझ्या डोक्यावरची नळी दिसली तेव्हा त्याला वाटलं भोक राहिलंय, म्हणून ते त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं आणि वर आणखी रंग दिला.

प्रदर्शनात आम्हाला 'उत्कृष्ट निगा' म्हणून करंडक मिळाला. परतीच्या वाटेवर मी गळायला लागलो.

सकाळी अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर डाग दिसला आणि घरात धावपळ उडाली. प्रदीपनं आयुष्यभर कालव्यांची गळती मोजली होती. त्यानं ती कधी थांबवल्याचं मात्र ऐकिवात नाही. त्यानं वही काढली. डागाभोवती खडूनं गोल केला, तारीख घातली, रोज सकाळी नवा गोल. आठवड्यात अंगण नकाशासारखं दिसू लागलं. शालननं, म्हणजे प्रदीपच्या बायकोनं, विचारलं, "आणि माझी परात कुठाय?" परात माझ्याखाली होती.

"कणीक मळायची परात आहे ती!"

"आता तेलाचं मापन चालू आहे," प्रदीप म्हणाला.

त्यांचा मुलगा सुमित पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. त्यानं मोबाइलवर सतरा व्हिडिओ पाहिले आणि मला कपड्यांचा साबण फासला. साबण तेलात विरघळला आणि फरशीवरून पोस्टमन घसरला.

शेवटी अक्कलकोट नाक्यावरचे मडिवाळप्पा मिस्त्री आले. नामांकित माणूस. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि उठून एकच वाक्य बोलले, "शील गेलंय, साहेब." सील बदललं. चार दिवसांत पुन्हा गळती. "शील डुप्लिकेट निघालं बगा." पुन्हा बदललं. पुन्हा गळती. "आता ह्येची पेटीच वाकल्या. चेन्नईवरनं मागवू. चार म्हैने धरा."

चार महिने! आबांच्या लायसनचे तेव्हा सतरा दिवस उरले होते.

आबा रोज व्हरांड्यात खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, "परदीप, त्येला वर एक नाकपुडी हाय बग. ती बग आदी."

प्रदीपनं प्रेमानं सांगितलं, "आबा, हा टँकर नाही. स्पोर्ट्स कार आहे."

दुसऱ्यांदा त्यांनी मडिवाळप्पांना सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "आजोबा, उन्हात बसू नका." तिसऱ्यांदा सुमितला सांगितलं. त्यानं मोबाइलवर शोधलं, पण 'नाकपुडी' म्हटल्यावर सर्दीची औषधं आली. त्यानंतर आबांनी सांगणं सोडलं. मी खालून ओरडत होतो, अहो, एकट्या त्यांनाच कळलंय! पण माझं ओरडणं म्हणजे आणखी दोन थेंब, आणि थेंब दिसला की प्रदीप खडू घेऊन यायचा.

मग एक दिवस माझं तेल मागच्या ब्रेकच्या आत गेलं. सात रस्त्याच्या चौकात प्रदीपनं ब्रेक दाबला आणि गाडी घसरत जाऊन शेंगा विकणाऱ्याच्या गाड्यापाशी टेकली. कुणाला लागलं नाही, पण प्रदीपचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येऊन तो आबांसमोर उभा राहिला.

"आबा, ही गाडी मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. माफ करा."

"व्हय. बराबर हाय तुजं," आबा म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. कोंबड्यांनी शिटलं तेव्हासुद्धा नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी मडिवाळप्पा शेवटची चाचणी म्हणून गाडीला एक चक्कर मारून आले. मी तापलेला, गळत असलेला. त्यांनी लोखंडी घोड्या लावून गाडी उचलली, आणि पेटी मागवायची की गाडीच विकायची हे ठरवायला तिघे पुरुष कोपऱ्यावर चहाला गेले. बैठक मोठी होती, कारण चहाबरोबर भजीही होती.

अंगणात आबा उठले. पोतं अंथरलं. शालन दारातून बघत होती. या घरात एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं, "आबा, काय पाहिजे तुम्हाला?"

"दाभण हाय का, पोरी?"

तिनं गोधडीचं दाभण आणून दिलं, त्यांचे गुडघे सरळ केले आणि त्यांना हळूहळू खाली सरकवलं. गाडीखालच्या अंधारात आबांना दिसत काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी मला चाचपलं. चटका बसला तरी हात काढला नाही. बोटं थेट तिथं आली, लांबीच्या त्या गाठीवर. नखानं खरवडलं, दाभण टोचलं, फिरवलं.

फुस्स!

काय सांगू तुम्हाला! करंडक मिळाल्यापासून कोंडलेला श्वास मी तेव्हा सोडला. आबांच्या तोंडावर गरम तेलकट हवा आली आणि ते माझ्याखाली पडल्या पडल्या हसायला लागले. त्यांचं हसू थांबेना म्हणून शालनही खाली बसून हसायला लागली. पुरुषमंडळी परतली ती हे बघायला.

पुढचं सगळं रीतसर झालं. फुगून खराब झालेलं सील मडिवाळप्पांनी तिसऱ्यांदा बदललं, ब्रेक उघडून धुतले, आणि म्हणाले, "मी पैल्याच दिवशी म्हणलं हुतं." सुमितनं 'डिफरन्शियल लीकचं खरं कारण' असा व्हिडिओ टाकला, त्यात सगळीकडे तोच आहे. प्रदीपनं वहीत लिहिलं, 'सखोल तांत्रिक तपासणीअंती गळतीचे कारण निश्चित करण्यात आले.' लिहिता लिहिता तो थांबला. ती ओळ त्यानं खोडली आणि खाली लिहिलं, 'आबांनी सांगितलं होतं.' सरकारी नोकरीत त्यानं अशी ओळ कधीच लिहिली नसेल.

हे सगळं मी बोलतोय तो अक्कलकोट रोडवरच्या एका पेट्रोल पंपावरून. आबांच्या लायसनचा आज शेवटचा दिवस आहे. सकाळी नऊला निघालो. स्टिअरिंगवर आबा, शेजारी प्रदीप. रस्ता मोकळा आहे, ऊन चढायचंय, आणि मी ठणठणीत कोरडा आहे. म्हणजे आजपासून माझी आठवणही कुणाला येणार नाही, आणि मला तेच हवं आहे. माझी तुम्हा माणसांना एकच विनंती. घरात कुठं काही गळत असेल तर खुशाल वह्या भरा, मिस्त्री आणा. पण व्हरांड्यात खुर्चीवर बसलेलं माणूस काहीतरी म्हणत असेल, ते आधी ऐका. आणि आम्हाला खालून रंगवू नका हो. आम्ही काही कुणाला दाखवायला नाही.

पंपावरच्या पोऱ्यानं पेट्रोलचा पाइप लावला. गाडी बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"लई भारी हाय की वो! कुणाची गाडी?"

एरवी कुणी असं विचारलं की प्रदीप सन, मॉडेल आणि इंजिनाची ताकद सांगायला लागतो. गाडीच्या कागदांवर नाव त्याचंच आहे. आत्ताही त्यानं तोंड उघडलं होतं. पण आबांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रदीपनं तोंड मिटलं आणि तो खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या एका अगदी साध्या लिंबाच्या झाडाकडे फार लक्ष देऊन बघायला लागला.

आबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"माजी हाय," ते म्हणाले.

बरं, निघतो मी. मालकांनी गिअर टाकलाय.