कानबाईचं पाणी

श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते; सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन पाण्यावर न्यायचं, न्हाऊ घालायचं आणि परत आणायचं, ही आमच्या घरची रीत. पाणी म्हणजे पिंप्राळ्याच्या कडेला असलेल्या आमच्या मळ्यातली विहीर. थोरले भाऊ गेल्यावर मळा विकला गेला, त्याचे प्लॉट पडले. विहीर बुजवली आणि तिच्यावर, किंवा तिच्या आसपास कुठेतरी, चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं. तेव्हापासून आमची कानबाई रिक्षात बसून मेहरूणच्या तलावावर जाई.

१९९४ साली द्रौपदाबाई वहिनी अडून बसल्या. त्यांची मान थरथरू लागली होती. कानबाईचा चौरंग डोक्यावर घेण्याचं हे त्यांचं शेवटचं वर्ष. आमच्याकडे सासू सुनेच्या डोक्यावर कानबाई देते, ती पाण्यापाशीच; यंदा ती त्यांच्या सुनेकडे, कुंदाकडे जायची होती.

"तलाववर मी कुंदाले कानबाई देसू नै," त्या म्हणाल्या. "मनी सासूनी मले ईहीरवर दिधी. मी बी तठेच देसू."

"माय, विहीर राहिली कुठे आता?" त्यांचा मुलगा अभिमन म्हणाला.

"नाना सांगी. त्यानं बठ्ठं बालपन तठे गयं."

नाना म्हणजे मी, त्यांचा धाकटा दीर. लहानपणी मी त्या विहिरीच्या काठावर पुस्तक घेऊन बसत असे हे खरं. पुढे आयुष्य वाचनालयात गेलं. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, एवढंच मला खात्रीने सांगता येई, आणि तेही कधी कधी चुके. तरी मी नाही म्हणालो नाही.

शनिवारी जाऊन पाहिलं. पूर्वी विहिरीवरून मारुतीच्या देवळाचा झेंडा दिसे. केळीच्या पानांपेक्षा उंच असं त्या बाजूला तेवढंच होतं. आता झेंडा कुठूनच दिसेना. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, टीव्हीचे अँटेना. बांधाला वळसा घालून जाणारी गाडीवाट जाऊन तिथे सरळ रुंद रस्ता झाला होता, आणि त्या सरळपणाने माझा सगळा अंदाज बिघडला. देवळापासून चालत आलो तर विहीर रस्त्याच्या मधोमध पडत होती. अपार्टमेंटचा वॉचमन हिलाल म्हणाला, "पार्किंगच्या या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल धरते, नाना. इथंच असेल."

रस्त्यात चौरंग कुठे टेकवणार? म्हणून मी पार्किंग ठरवलं. मनाला मात्र ते पटलं नव्हतं.

सोमवारी बायका गाणी म्हणत आल्या. हिलालने दोन स्कूटर बाजूला केल्या. वहिनी त्या कोपऱ्यात अनवाणी उभ्या राहिल्या. डोक्यावरच्या चौरंगावर नारळाची कानबाई, नथ घातलेली. गाणं थांबलं.

"नाना, आठेच शे ना?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. हो म्हणणं सोपं होतं.

"वहिनी, मला नक्की नाही सांगता येत," मी म्हणालो. "तिकडे रस्त्यातही असेल."

"नाना!" अभिमन वैतागला. "एवढं एक 'हो' म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"बठ्ठी पुस्तकं वाचीसन हाऊ उजेड!" मागून भागाबाई म्हणाल्या. त्या आमच्या चुलत घरातल्या. दोघीचौघी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कलणारा चौरंग दोन्ही हातांनी सावरला. कुंदा पुढे झाली, पण वहिनींनी नजरेनेच तिला थांबवलं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सुनंदाबाई देवी आणणाऱ्या वहिनींच्या पायांवर घालायला पाण्याची बादली घेऊन आल्या.

"हाई पानी कोठलं?" वहिनींनी विचारलं.

"बोअरचं, माय. नळाला कुठलं येतंय! बोअर इथंच आहे, जिन्यामागे."

"म्हनजे खालेनं?"

"खालचंच की."

वहिनींनी बादलीकडे पाहिलं. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून पाहत होती.

"वर काय बांधं ते बांधं," त्या म्हणाल्या. "खाले पानी तेच शे." मग "व्हई," म्हणजे असेल, असं स्वतःशीच पुटपुटल्या.

चौरंग खाली ठेवून त्यांनी त्या पाण्याने कानबाईला न्हाऊ घातलं. नारळ पदराने पुसला, नथ सरळ केली. मग मी आणि अभिमनने चौरंग उचलला, वहिनींनी त्याला हात लावला आणि तो कुंदाच्या डोक्यावर ठेवला. कुंदाची मान क्षणभर डगमगली, मग स्थिर झाली. बायकांनी पुन्हा गाणं धरलं.

परतताना कुंदा सर्वांच्या पुढे होती. वहिनी मागे, माझ्याबरोबर. इतकी वर्षं त्या पुढे चालत आणि घोळका त्यांच्या मागे जाई. नव्या चौकात त्या उभ्या राहिल्या. चारी बाजूंना सारख्याच इमारती, सारखीच दुकानं.

"नाना, घर कोनी बाजूले शे?"

त्या गावात त्या लग्न होऊन आल्या होत्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. मलाही चटकन सांगता येईना.

कुंदा न थांबता डावीकडे वळली. आम्ही दोघं तिच्या मागे चालू लागलो.